एकच डबा, दोनशे प्रवास

लंडनच्या भुयारी रेल्वेचा डबा. दोन स्थानकांच्या मधला चार मिनिटांचा प्रवास. डब्यात काही माणसं बसलेली, काही उभी. कुणी उगाच इकडेतिकडे बघतंय, कुणाची नजर मध्येच तुमच्या नजरेला भिडते आणि बाजूला होते. एकाकडे पाहिलं की तो किंचित हसतो. गाडीचा खडखडाट चालू आहे. बोलत कुणीच नाही, अंगचटीलाही कुणी येत नाही. स्थानक येतं आणि प्रवास संपतो.

या डब्यातून २०० लोकांनी प्रवास केला. प्रत्येकाने एकट्याने, प्रयोगशाळेतल्या एका खोलीत, डोक्यावर हेडसेट चढवून. डबा संगणकाने रचलेला होता आणि सहप्रवासी मुद्दाम निर्विकार ठेवलेले होते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन, आभासी वास्तवाचे अभ्यासक मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २००८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये प्रसिद्ध केला. प्रवासी सर्वसाधारण लोकांमधून घेतलेले होते, रुग्णालयातून आणलेले नव्हते. बाहेर आल्यावर बहुतेकांनी सांगितलं, की डब्यातली माणसं बरी होती किंवा त्यांच्यात विशेष काही नव्हतं. पण बऱ्याच जणांचा सूर वेगळा होता. कुणाला वाटलं आपल्याला हसतायत, कुणाला वाटलं आपल्याकडे रोखून बघतायत, कुणाला डब्यात काहीतरी शिजतंय असा वास आला.

खऱ्या लोकलमध्ये हा प्रयोग करता आला नसता. आपण कपाळावर आठी घेऊन डब्यात शिरलो तर समोरचाही तसाच बघतो. मग आपला संशय आधीचा की त्याची तिरकी नजर आधीची, याचा निवाडा कोण करणार? इथे समोरचे प्रवासी ठरवून दिलेल्या हालचाली करणाऱ्या बाहुल्या होत्या. त्यांनी कुणाशी दुजाभाव केला असण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे अनुभवात जो फरक पडला, तो प्रवाशांनी बरोबर आणलेल्या सामानातला होता. त्या सामानाची यादीही अभ्यासकांनी काढली: चिंता करण्याची सवय, एकच गोष्ट मनात घोळवत राहणं, स्वतःविषयी फारसं बरं मत नसणं, एकदा बांधलेला तर्क सोडायला मन तयार नसणं.

हेडसेट विकणाऱ्या कंपन्या आपल्याला नेहमी सांगतात, की हा डबा डोक्यावर चढवा आणि दुसऱ्या जगात चला. जग दुसरं असेलही; जाणारा माणूस मात्र तोच असतो. स्वभाव घरी ठेवून जायची सोय अजून निघालेली नाही. प्रश्न आहे तो हा, की त्या दुसऱ्या जगात स्वभावाचं किती चालतं.

हे यंत्र तसं नवं नाही. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचा पहिला पडदा तयार केला. तो इतका जड होता, की छताला टांगावा लागला. १९८०च्या दशकात जॅरन लॅनियर यांनी ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ हे नाव रूढ केलं. पण अनुभव माणसागणिक का बदलतो, या प्रश्नाचं मूळ यंत्राच्या इतिहासात सापडत नाही. ते सापडतं संमोहनाच्या अभ्यासात. ऑके टेलेगन आणि गिल्बर्ट अ‍ॅटकिन्सन हे दोघे संमोहनाला कोण लवकर वश होतं याचा शोध घेत होते. १९७४ साली त्यांनी एका स्वभावगुणाची मांडणी केली: समोरच्या अनुभवात स्वतःला पूर्ण झोकून देण्याची तयारी. काही माणसं सूर्यास्त बघताना, गाणं ऐकताना, कादंबरी वाचताना इतकी रमतात, की हाक मारली तरी ऐकू येत नाही. काही तशी नसतात. ती रसिक नसतात असं नाही. त्यांचा एक पाय कायम काठावर असतो.

मराठी प्रेक्षकाला हे दोन्ही प्रकार चांगले माहीत आहेत. पडद्यावर खलनायक रंगवणाऱ्या निळू फुल्यांना गावोगावच्या बायका तोंडावर शिव्या घालायच्या, हे त्यांनी स्वतःच किती वेळा सांगितलं आहे. त्याच थिएटरात मागच्या रांगेत बसून ‘पाटलाच्या फेट्याचा रंग मघाशी वेगळा होता’ असं कुजबुजणाराही असायचा. दोघांनी तिकिटाचे पैसे सारखेच दिलेले असतात.

आभासी वास्तवाच्या अभ्यासकांनी रमण्याच्या या गुणावर पुढे झडप घातली. अमेरिकी सैन्याच्या संशोधन संस्थेतले बॉब विटमर आणि मायकेल सिंगर यांनी १९९८ साली दोन प्रश्नावल्या पुढे ठेवल्या. एक, आभासी जगात आपण खरोखर ‘तिथे’ आहोत असं किती वाटलं, हे मोजणारी. दुसरी, माणूस मुळात किती गुंगून जाणारा आहे, हे मोजणारी. टीव्ही बघताना तुम्ही इतके गुंतता का, की लोकांना तुमचं लक्ष वेधून घ्यावं लागतं, अशा धर्तीचे प्रश्न. त्यानंतर अशा अभ्यासांचं पीकच आलं. नव्या अनुभवाची ओढ असलेले, भावनांनी चटकन हलणारे, बहिर्मुख, कल्पनेत रमणारे असे एकेक गुण तपासले गेले. एका अभ्यासात बहिर्मुख माणसं जास्त रमली, तर दुसऱ्यात तसं काही दिसलं नाही. त्यातल्या त्यात टिकून राहिला तो टेलेगन यांचाच जुना गुण. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या कोबर आणि नॉयपर यांनी २०१३ साली तो इतर गुणांपेक्षा सरस ठरल्याचं दाखवलं. पण त्याचबरोबर एक बोचरा प्रश्नही विचारला. स्वभाव आणि ‘तिथे असणं’ यांचं नातं आपण कुठली प्रश्नावली वापरली यावर तर अवलंबून नाही ना?

ही शंका रास्त आहे. टीव्हीत गुंगतो असं कागदावर लिहिणारा माणूस, हेडसेटमध्येही गुंगलो असं कागदावर लिहितो, यात हेडसेटबद्दल किती कळलं आणि कागद भरण्याच्या त्याच्या पद्धतीबद्दल किती? मेल स्लेटर यांनी २००४ साली या प्रश्नावल्यांची एक मस्त खोडी काढली. त्यांनी ‘कालचा दिवस किती रंगीत होता’ असं एक मोजमाप स्वतःच्या मनाने तयार केलं आणि त्यावर प्रश्नावली रचली. दिवस रंगीत असणं म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तशी काही वस्तूच नव्हती. तरी लोकांनी इमानेइतबारे उत्तरं दिली आणि त्या उत्तरांमधून संख्याशास्त्रीय संबंधही निघाले. विचारलं की उत्तर मिळतं. त्या उत्तरामागे काही असेलच असं नाही.

काही अभ्यासकांनी त्याआधीच तोंडाला विचारायचं सोडून काळजाला विचारायचं ठरवलं होतं. अमेरिकेत चॅपेल हिलच्या विद्यापीठात एक आभासी खोली होती. दार उघडून पुढे गेलं की पुढच्या खोलीत जमीनच नाही; मधोमध मोठा खड्डा, आणि वीसेक फूट खाली एक दिवाणखाना. कडेने चालायला अरुंद पट्टी. मायकेल मीहान, फ्रेड ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली इथे लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. खड्ड्याच्या खोलीत पाऊल टाकताच ठोके वाढले. प्रयोगशाळेच्या खऱ्या जमिनीवर जेमतेम दीड इंच उंचीची लाकडी पट्टी ठेवली आणि पायाच्या बोटांना तिची कड लागू दिली, तर आणखी वाढले. हे सगळे शहाणेसुरते लोक होते. खाली सपाट फरशी आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

याच खड्ड्याची बाजारी आवृत्ती आता आपल्या मॉलमध्ये पोचली आहे. पुण्यातल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, फूड कोर्टच्या कडेला, एका दुपारी मी ती बघत बसलो होतो. जमिनीवर गालिचा, त्यावर एक खरी लाकडी फळी, फळीच्या टोकांना चिकटपट्टी. हेडसेट घातला की लिफ्ट वर जाते, दार उघडतं आणि समोर तीच फळी, पण गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावरून बाहेर काढलेली. खेळ चालवणारा मुलगा गिऱ्हाइकाच्या मागे अर्ध्या हातावर उभा असतो, पण धरत नाही. ‘धरलं की लोक जास्त घाबरतात,’ तो म्हणाला. ‘त्यांना वाटतं पडतोयच आता.’

दंड फुगवलेला एक तरुण मित्रांच्या घोळक्यातून पुढे आला. मित्रांचे मोबाईल सरसावलेले. लिफ्टचं दार उघडेपर्यंत त्याची बडबड चालू होती, नंतर बंद झाली. उजवा पाय फळीवर गेला, डावा काही केल्या उचलेना. ‘अरे गालिचा आहे खाली!’ मित्र ओरडले. ‘माहितीये रे,’ तो म्हणाला, आणि तरीही डावा पाय जागचा हलला नाही. त्याच्यानंतर पन्नाशीच्या एक बाई आल्या. पर्स सुनेकडे दिली, चष्मा सावरून हेडसेट घातला, फळीच्या टोकापर्यंत सरळ चालत गेल्या, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, ‘बरं, आता काय करायचं?’ त्या घाबरल्या नाहीत की रमल्याच नाहीत, हे मला बाहेरून कळेना. मी विचारलं. ‘भीती वाटली ना,’ त्या म्हणाल्या, ‘पण पैसे भरलेत तर बघायला नको?’

हे उत्तर कुठल्याही प्रश्नावलीत बसवायला अवघड आहे. आतून दचकणं आणि बाहेर पाऊल टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि स्वभावाचं राज्य बहुधा दुसऱ्या गोष्टीवर जास्त चालतं. हॅम्बुर्गमधल्या संशोधकांनी २०१७ साली हे जवळून तपासलं. उंदरांची भीती मोजायला प्रयोगशाळांमध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा एक उंच चौथरा वापरतात. त्याच्या दोन भुजांना आडोसा असतो, दोन उघड्या असतात. घाबरट उंदीर आडोशाला राहतो. संशोधकांनी माणसांसाठी असाच चौथरा लाकडात बनवून जमिनीवर ठेवला आणि हेडसेटमध्ये तो उंचावर नेला. उघड्या भुजेवर कोण किती जातं, हे दोन गोष्टींवरून बरंचसं ओळखता आलं. उंचीचं भय असलेले तिकडे जायचं टाळत. थराराची ओढ असलेले, म्हणजे मार्विन झुकरमन यांनी १९६४ साली ज्यांच्यासाठी मोजपट्टी बनवली ती मंडळी, मुद्दाम तिकडे जात.

मग स्वभावच सगळं ठरवतो म्हणायचं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आणखी एका जुन्या प्रयोगात आहे. डेव्हिड-पॉल पर्टॉब, स्लेटर आणि बार्कर यांनी २००२ साली लोकांना आभासी श्रोत्यांसमोर भाषण करायला लावलं. एक श्रोतृवर्ग निर्विकार, दुसरा माना डोलावणारा, तिसरा जांभया देणारा आणि तोंड फिरवणारा. पहिल्या दोघांसमोर ज्याचा जसा स्वभाव तशी त्याची घालमेल. एरवी सभेला घाबरणारा इथेही घाबरला, सराईत वक्ता निवांत राहिला. तिसऱ्या श्रोत्यांसमोर मात्र सराईतांचीही भंबेरी उडाली. स्वभावाने दिलेलं कवच तिथे पुरलं नाही.

वॉल्टर मिशेल हे मानसशास्त्रज्ञ हेडसेट बाजारात येण्याच्या कितीतरी आधी हेच सांगत होते. परिस्थिती जबरदस्त असेल तर सगळे जवळपास सारखे वागतात. ती मोघम असेल तर मोकळ्या जागेत स्वभाव शिरतो. लाल सिग्नलला बुजरा आणि धीट दोघेही थांबतात. अनोळखी लग्नात कोण कोपरा धरतो आणि कोण पंगतीत वाढायला लागतो, ते मात्र स्वभावावर. लंडनचा डबा मोघम होता, म्हणून त्यात दोनशे प्रवास झाले. चॅपेल हिलचा खड्डा मोघम नव्हता. त्यामुळे ‘अंतर्मुखांना व्हीआर आवडतं की बहिर्मुखांना’ असा प्रश्न मला राशिभविष्याच्या घरातला वाटतो. आत काय दाखवलंय, हे कळल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

एक मोठी गफलत मात्र इथे नेहमी होते. हेडसेट घालून कुणाला मळमळलं, की लगेच ‘तुझा स्वभावच घाबरट’ असा शिक्का बसतो. ज्यांना खंबाटकी घाटात एसटी लागते, त्यांनी हा शिक्का लहानपणापासून सोसलाय. बस लागते ती डोळे आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय यांच्यात भांडण लागतं म्हणून. कान सांगतो आपण वळतोय, समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे म्हणतात काही हलत नाहीये. हेडसेटमध्ये भांडण तेच, बाजू उलट. डोळ्यांपुढे जग धावतंय आणि शरीर खुर्चीत. बायकांना हा त्रास जास्त होतो, असं अनेक अभ्यासांत दिसत आलं होतं, आणि त्याची कारणं त्यांच्या प्रकृतीत शोधली जात होती. २०२० साली के स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेडसेटच मोजून बघितला. दोन भिंगांमधलं अंतर दोन बुबुळांमधल्या अंतराशी जुळायला हवं. पुष्कळ बायकांच्या बाबतीत ते जुळतच नव्हतं, कारण यंत्राची सर्वांत जवळची खूणही त्यांना रुंद पडत होती. ज्यांच्या डोळ्यांना हेडसेट नीट बसला, त्या बायकांना पुरुषांइतपतच त्रास झाला. खूप खपलेल्या क्वेस्ट २ या हेडसेटला या अंतराच्या तीनच खुणा होत्या, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. ज्याचं माप त्यात बसत नाही त्याचं डोकं दुखलं, तर दोष मनाला देण्याआधी भिंग सरकवून बघावं. बहुतेक मॉलमध्ये ते कुणी सरकवत नाही. मागे रांग असते.

स्वभावाचा सगळ्यात चांगला उपयोग या यंत्राने केला आहे तो उपचारांत. उंचीच्या भयावर आभासी इलाज करून बघण्याचं काम अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी १९९५ सालीच केलं होतं. तेव्हा शेजारी डॉक्टर बसलेला असायचा. फ्रीमन ऑक्सफर्डला गेले आणि त्यांनी डॉक्टरही आभासी केला. २०१८ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत उंचीला घाबरणारे १०० जण होते. त्यातल्या ४९ जणांना हेडसेट मिळाला. दहा मजली इमारतीत एकेक मजला वर चढायचं, कठड्याशी जायचं, झाडावर अडकलेलं मांजर सोडवायचं, आणि एक आभासी मार्गदर्शक धीर देत राहणार. सगळी मिळून दोनेक तासांची सत्रं. या लोकांचं उंचीचं भय सरासरी ६८ टक्क्यांनी उतरलं.

हे का घडतं, त्याचं उत्तर मॉलमधल्या त्या तरुणाच्या डाव्या पायात आहे. डोक्याला ठाऊक असतं की हे खरं नाही, म्हणून घाबरणारा माणूस तिथे जायला तयार होतो. शरीराला ते ठाऊक नसतं, म्हणून तिथे शिकलेला धीर खऱ्या गच्चीवरही उपयोगी पडतो. एरवी ज्याने कठड्याजवळ पाऊल टाकलं नसतं, तो ‘खेळ तर आहे’ म्हणत टाकतो.

पुढचा टप्पा मला जास्त मोलाचा वाटतो. सायकोसिसच्या आजारात पुष्कळांना घराबाहेर पडणंच अशक्य होऊन बसतं. रस्त्यावरचा प्रत्येक जण आपल्यावरच टपून आहे असं वाटत राहतं. म्हणजे लंडनच्या डब्यातला संशय, पण रोजचा आणि शंभरपट. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गेमचेंज’ या चाचणीत असे ३४६ रुग्ण होते. त्यांच्यासाठी सहा जागा उभ्या केल्या: घराचं दार उघडून रस्ता, कोपऱ्यावरचं दुकान, बस, कॅफे, पब आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातला बाक. राक्षस नाहीत, दऱ्या नाहीत. काउंटरवर जाऊन कॉफी मागणं, हेच काय ते धाडस. उपचाराचा फायदा झाला आणि ज्यांचं बाहेर पडणं सर्वांत जास्त अडलं होतं त्यांना तो सर्वांत जास्त झाला. ज्या स्वभावाने डब्यात शत्रू उभे केले, त्यालाच त्या डब्यात पुन्हा पुन्हा बसवून उतरवायचं, असा हा प्रकार. आपल्याकडे दवाखान्याची पायरी चढायलाच ज्यांना घरच्यांशी भांडावं लागतं, त्यांच्यापर्यंत हे कधी आणि किती रुपयांत पोचेल, हा वेगळा लेख होईल.

आतापर्यंत आपण माणूस यंत्राकडे काय घेऊन जातो ते पाहिलं. यंत्र माणसाकडून काय घेतं, त्याबद्दल मॉलमध्ये कुणी बोलत नाही. हेडसेट डोक्याची आणि हातांची जागा सेकंदाला कित्येक वेळा टिपतो. टिपावीच लागते, नाहीतर मान वळवल्यावर दृश्य वळणार कसं? स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी हिशेब मांडलाय, की वीस मिनिटांत देहबोलीच्या जवळपास वीस लाख नोंदी होतात. त्यांच्याच प्रयोगशाळेने २०२० साली ५११ जणांना ३६० अंशांचे व्हिडिओ दाखवले. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळाच्या हालचालींवरून त्यातला माणूस नेमका कोण, हे संगणकाने ९५ टक्के वेळा ओळखलं. २०२३ साली बर्कलीच्या संशोधकांनी ‘बीट सेबर’ या खेळाच्या ५५ हजारांवर खेळाडूंच्या नोंदी घेतल्या आणि १०० सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर नाव काढून दाखवलं. नाव लपवून खेळण्याला अर्थ उरला नाही, कारण मान वळवण्याची आपली तऱ्हा अंगठ्याच्या ठशासारखी आपलीच असते.

कोण हे कळलं, की कसा हे किती दूर? उघड्या भुजेवर कोण जातो यावरून थराराची ओढ दिसते. श्रोत्यांसमोर कोण गडबडतो त्यावरून बुजरेपणा दिसतो. अनोळखी माणसाच्या किती जवळ जाऊन उभा राहतो, नजर भिडली की किती वेळात वळवतो, हे प्रश्नावलीत लिहावं लागत नाही, ते आपसूक नोंदलं जातं. इतकी वर्षं मानसशास्त्रज्ञ जे कागदावर विचारत आले, ते जाहिरातदाराला न विचारता मिळू शकतं. आणि मघाशी सांगितलेली शंका इथे लागू पडत नाही, कारण पायाला प्रश्नावली रंगवून भरता येत नाही.

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. त्या दुपारी फळीवर चढणारे निम्म्याहून जास्त शाळकरी होते. टेबलावर एक वही होती. तिच्यात नाव आणि मोबाईल नंबर असे दोनच रकाने होते. पोरं रांगेत उभी राहून ते भरत होती आणि त्यांचे आईबाप शेजारच्या काउंटरवर डोशाची ऑर्डर देत होते. हालचालींच्या नोंदी कुठे जातात, असं मी त्या मुलाला विचारलं. ‘ते कंपनीचं असतं,’ तो म्हणाला, आणि पुढच्याच्या डोक्यावर हेडसेट बसवायला वळला.